कॅमेरा ‘गेला’ म्हणजे नेमके काय झाले?

निपाणी भागातल्या एका वाचक भगिनीने या सदरासाठी प्रश्न पाठवला आहे. त्या लिहितात, "मुलाने कर्ज काढून कॅमेरा आणि दोन लेन्स घेतल्या. सगळे मिळून दोन लाखांचे सामान. लग्नसराईत निपाणी, कोल्हापूर, बेळगाव असा फिरत असतो. सोन्यासारखे ते लॉकरमध्ये ठेवता येत नाही. उद्या पडले, भिजले, कुणी उचलले तर हप्ते कोण भरणार? परवडेल असा विमा असतो का?"

असतो. पण ‘विमा असतो’ आणि ‘वेळेला विम्याचे पैसे मिळतात’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधले अंतर कसे कमी करायचे, याचाच आज हिशेब मांडू. या भगिनींच्या घरात कॅमेरा आहे, कुणाच्या घरात लेकीचा लॅपटॉप असेल, कुणाकडे शिकवणीसाठी घेतलेला संगणक. एके काळी आपल्या घरांत रेडिओ आणि भिंतीवरचे घड्याळ एवढीच काय ती ‘यंत्रे’ असत. आज मध्यमवर्गीय घरातले मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, इन्व्हर्टर मोजले तर बेरीज सहज लाखाच्या पुढे जाते. ती बेरीज आपण कधी केलेलीच नसते, हीच पहिली अडचण.

सगळ्याचा विमा नको

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला दोन्ही भाषांनी शिकवले आहे. ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ म्हणताना कन्नड आजीचा जो सूर असतो, तोच विमा घेताना मनात ठेवावा. जी वस्तू गेली तर कर्ज न काढता महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा घेता येईल, तिचा स्वतंत्र विमा घेण्याची गरज नाही. जी गेली तर घराची घडी विस्कटेल, तिचाच विमा उतरवावा.

दुकानात दहा-बारा हजारांचा मोबाइल घेताना विक्रेता हळूच ‘प्रोटेक्शन प्लॅन’ पुढे करतो. मिक्सरला एक, टीव्हीला एक, हेडफोनलाही एक. प्रत्येकाचे पाचशे-हजार रुपये किरकोळ वाटतात, पण घरभरचे एकत्र केले की त्याच पैशात मोठ्या वस्तूचा विमा झाला असता. लहान वस्तूंसाठी आपल्या भागातला जुना उपाय उत्तम, तो म्हणजे पिग्मी. १९२८ मध्ये कर्नाटकच्या किनारपट्टीवर सिंडिकेट बँकेने सुरू केलेली ही रोजची बचत आज आपल्या पतसंस्थांतूनही चालते. रोज दहा रुपये बाजूला पडले तर वर्षाला ३,६५० रुपये होतात. मोबाइलची काच फुटली तर खर्च त्यातून करावा. काही फुटले नाही तर पैसे आपलेच. हाही एक प्रकारचा विमाच, फक्त कंपनी आपली.

आता मोठ्या वस्तूचा हिशेब पाहू. दर कंपनीप्रमाणे आणि जोखमीप्रमाणे बदलतो, म्हणून उदाहरणापुरता शेकडा दोन रुपये धरू. दोन लाखांच्या सामानाला वर्षाला ४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२०, म्हणजे एकूण ४,७२० रुपये. महिन्याला चारशेही नाहीत. एका लग्नाच्या ऑर्डरमधून वर्षाचा विमा निघतो.

हातात आलेला कागद कोणता?

दुकानातून येताना पिशवीत तीन-चार कागद असतात आणि त्या सगळ्यांना आपण सरसकट ‘गॅरंटी’ म्हणतो. पण त्यांत फरक आहे. वॉरंटी म्हणजे कारखान्यातला दोष निघाला तर दुरुस्ती. पडणे, भिजणे, चोरी यांच्याशी तिचा संबंध नाही. वाढीव वॉरंटी म्हणजे त्याच वॉरंटीला दिलेले आणखी एक-दोन वर्षांचे आयुष्य. प्रोटेक्शन प्लॅनमध्ये काही वेळा पडझड धरलेली असते, पण तो विमा कंपनीचा असेलच असे नाही. नुसताच सेवा करार असेल तर तक्रारीसाठी विमा लोकपालाचे दार बंद. म्हणून कागदावर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक आहे का, हे आधी पाहावे. चौथा कागद म्हणजे खरी पॉलिसी. तीही प्रीमियम कंपनीकडे पोचल्यावरच लागू होते. १९३८ च्या विमा कायद्यातच तशी तरतूद आहे. ‘एजंटला सांगून ठेवलंय’ म्हणजे विमा उतरला असे नव्हे.

घराची पॉलिसी काय देते, काय देत नाही

ज्यांचे सामान बहुतांशी घरातच असते, त्यांच्यासाठी घराची पॉलिसी हा स्वस्त मार्ग. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी आली. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दंगल, टाकी फुटणे अशा संकटांपासून ती घराला आणि घरातल्या वस्तूंना संरक्षण देते. घराच्या इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या वस्तूंचा विमा आपोआप होतो. जास्त हवा असेल तर यादी देऊन वाढवता येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना फक्त वस्तूंचाही घेता येतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या पाण्याने चिक्कोडी, अथणी, गोकाक भागांतली घरे कशी वेढली गेली, ते आपण पाहिले आहे. भांडी धुऊन वापरता येतात, टीव्ही आणि संगणक नाही. नदीकाठच्या वाचकांनी या पॉलिसीचा विचार जरूर करावा.

पण तिच्या मर्यादाही माहीत हव्यात. साधी घरफोडी या मूळ पॉलिसीत येत नाही. आग किंवा पुरासारखी घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरली जाते. घरफोडीसाठी वेगळा विभाग घ्यावा लागतो. दुसरे म्हणजे ही पॉलिसी घराच्या पत्त्याला बांधलेली असते. लेक लॅपटॉप घेऊन हुबळी, पुणे किंवा बंगळूरच्या वसतिगृहात गेली की तो लॅपटॉप त्या पत्त्याबाहेर गेला.

घराबाहेर नेण्याच्या वस्तूंसाठी ‘ऑल रिस्क’ नावाचा विभाग असतो. सरकारी आणि खासगी कंपन्यांच्या हाऊसहोल्डर्स पॉलिसींत तो मिळू शकतो. त्यात कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप यांची नावे, मॉडेल, सीरियल क्रमांक आणि किंमत एकेक करून लिहून द्यावी लागते. ‘कॅमेरा व इतर साहित्य’ असे मोघम लिहिले तर ‘इतर’मध्ये काय होते यावर पुढे वाद होतो. ‘ऑल रिस्क’ या नावालाही भुलू नये. त्यालाही अपवादांची यादी असते आणि मोबाइल अनेकदा त्या यादीत असतो. पॉलिसीची पहिली दोन पाने सगळेच वाचतात. अपवादांचे पान वाचणारा शहाणा.

हौस की धंदा?

निपाणीच्या भगिनींसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. घरगुती पॉलिसी ही घरगुती वापरासाठी असते. पावसाळ्यात आंबोलीला किंवा गोकाकच्या धबधब्यावर जाऊन हौसेने फोटो काढणाऱ्याला ती चालते. तोच कॅमेरा घेऊन पैसे घेऊन लग्न केले की तो धंदा झाला. आपल्याकडे अर्धवेळ फोटोग्राफर पुष्कळ. आठवडाभर नोकरी, शनिवार-रविवार मंगल कार्यालय. स्वस्त पडते म्हणून ‘हौशी’ लिहून विमा घेतात. मग लग्नाच्या मांडवात कॅमेरा पडतो, सर्व्हेअर येतो आणि साधा प्रश्न विचारतो, "त्या दिवशी तुम्ही तिथे कशासाठी गेला होता?" तिथे विमा संपतो. वर्षाला हजार-दीड हजार वाचवले आणि दोन लाख गमावले, असा हा व्यवहार.

धंद्यासाठी वेगळी सोय आहे. ‘इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट’ पॉलिसीत फिरत्या सामानाचे कलम जोडून घेता येते. स्टुडिओ असेल तर दुकानदार पॉलिसीतही अशा सामानाचा विभाग मागता येतो. मात्र ‘सामान दुकानाबाहेर, प्रवासात आणि कार्याच्या ठिकाणी’ असे शब्द कागदावर असल्याची खात्री करावी. आपले फोटोग्राफर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा असे सतत हद्द ओलांडतात. म्हणून विमा संपूर्ण भारतभर लागू आहे ना, हेही विचारावे.

कर्ज काढून घेतलेल्या सामानाची आणखी एक गोम आहे. कर्ज देणारी संस्था बहुधा स्वतःच विमा उतरवते आणि आपण निर्धास्त होतो. पण तो विमा अनेकदा ठरावीक पत्त्यावरच्या आगीपुरता आणि घरफोडीपुरता असतो, आणि भरपाईची रक्कम आधी कर्जखात्यात जाते. मांडवात पडलेल्या कॅमेऱ्याला त्याचा उपयोग नाही. संस्थेकडून त्या पॉलिसीची प्रत मागून घ्या. ती मागणे हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?

मित्राला वापरायला दिलेला कॅमेरा, भाड्याने दिलेली लेन्स, मदतनीसानेच पळवलेले सामान हे बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. उघड्या जीपमध्ये किंवा मोटारसायकलला लटकवलेल्या बॅगेतून झालेली चोरीही सहसा धरत नाहीत. बंद आणि कुलूपबंद गाडी अशी अट असते. जेवणाची पंगत बसली म्हणून कॅमेऱ्याची बॅग स्टेजवर ठेवून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

किंमत कमी लावू नका

प्रीमियम वाचवण्यासाठी वस्तूची किंमत कमी लावणे हा आपला आवडता उपाय. त्याचे गणित पाहा. सामान दोन लाखांचे, विमा एक लाखाचा. म्हणजे निम्मी जोखीम कंपनीची, निम्मी तुमची. कॅमेरा पडून दुरुस्तीला ४०,००० खर्च आला. तुम्हाला वाटते एक लाखाच्या आतलीच रक्कम आहे, पूर्ण मिळेल. पण ‘सरासरी’च्या कलमाने मिळतात २०,०००. त्यातून ‘एक्सेस’, म्हणजे दर दाव्यात आपण सोसायची रक्कम, समजा २,००० रुपये वजा झाली. हाती आले १८,०००. भारत गृह रक्षा पॉलिसीत हे सरासरीचे कलम लावत नाहीत, पण कॅमेऱ्यासाठी घ्याल त्या पॉलिसीत ते असण्याची शक्यता मोठी.

दुसरा प्रश्न घसाऱ्याचा. तीन वर्षे वापरलेल्या कॅमेऱ्याला नव्याची किंमत मिळणार की जुन्याची, हे आधीच विचारावे. नव्याची मिळणार असेल तर विमा आजच्या नव्या किमतीचा हवा. नूतनीकरणाच्या वेळी गेल्या वर्षीचीच यादी पुढे ढकलू नये. विकलेली लेन्स काढावी, नवी घालावी.

मग प्रीमियम वाचवायचा कसा? खरे मार्ग हे आहेत. एक्सेसची रक्कम थोडी वाढवून घ्यावी, कारण लहान खर्च आपण सोसायचे ठरवले की दर कमी होऊ शकतो. बॅगेतल्या सगळ्या वस्तूंऐवजी कॅमेरा आणि महागड्या लेन्सच यादीत घालाव्यात. पट्टा, ट्रायपॉड, चार्जर सोडून द्यावेत. घराच्या एकाच पॉलिसीत जास्त विभाग घेतल्यास काही कंपन्या सवलत देतात, ती विचारावी. आणि किमान तीन ठिकाणचे दर लेखी घ्यावेत. साडी घेताना आपण खडेबाजारात चार दुकाने फिरतो, इथेही फिरावे.

‘गेला’ या शब्दाची किंमत

आता सर्वांत नाजूक भाग. आपण सहज म्हणतो, "कॅमेरा गेला." कन्नडमध्येही तसेच, "कॅमेरा होय्तु." पण ‘गेला’ म्हणजे चोरीला गेला, हरवला, की कुणी दार फोडून नेला? पॉलिसीच्या दृष्टीने या तीन निराळ्या घटना आहेत आणि तिन्हींचे निकाल निराळे. ‘कळवु’ म्हणजे चोरी, ‘कळेदुहोगिदे’ म्हणजे हरवला आणि ‘कन्न कळवु’ म्हणजे घरफोडी. पोलीस ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते. घाबरलेला मराठी माणूस तोंडी सांगतो, समोरचा आपल्या शब्दांत उतरवतो आणि आपण न वाचता सही करतो. पुढे विमा कंपनी त्या एका शब्दावर बोट ठेवते.

हा शब्दच्छल नाही. घरफोडीच्या विम्यात ‘बळाने व मोडतोड करून प्रवेश’ अशी व्याख्या असेल, तर नुसत्या चोरीला भरपाई मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका सरकारी विमा कंपनीच्या खटल्यात दिला आहे. दार सताड उघडे होते, कुणी आले आणि उचलून नेले, तर ती चोरी खरी, पण त्या पॉलिसीतली घरफोडी नव्हे. म्हणून पॉलिसी घेतानाच ‘साधी चोरीसुद्धा’ समाविष्ट आहे का, हे विचारावे. घटना घडल्यावर शब्द बदलायचा नसतो. जे घडले तेच सांगायचे, पण ते नेमके लिहिले गेले आहे का, हे पाहायचे. कन्नड वाचता येत नसेल तर घरातल्या मुलाला बरोबर न्यावे. आपल्या घरांत कन्नड शाळेत शिकलेले एक तरी लेकरू असतेच. त्याच्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावा. सीरियल क्रमांक, तारीख, वेळ आणि ठिकाण बिलाशी व पॉलिसीशी जुळते का, ते तपासावे.

चोरी कोल्हापुरात झाली आणि लक्षात आली बेळगावात आल्यावर, तर काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. नंतर ती योग्य ठाण्याकडे जाते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. मोबाइलवरून नोंदवलेली ‘हरवले’ची पावती मोबाइल क्रमांक बदलून घ्यायला पुरते. चोरीच्या दाव्याला मात्र कंपनी एफआयआर मागते. त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवावे आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. पुढे तपास लागला नाही तर ठाण्याकडून तसा अंतिम अहवाल घ्यावा लागतो. आपल्याकडे त्याला ‘सी रिपोर्ट’ म्हणतात. पंचनाम्याची, म्हणजे इकडच्या भाषेत महजरची, प्रतही जपावी. कंपनीचे दाव्यांचे कार्यालय पुण्या-मुंबईला असेल तर कन्नड कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावे. त्याने आठवडे वाचतात.

मोबाइल गेला असेल तर मे २०२३ मध्ये देशभर सुरू झालेल्या ‘संचार साथी’वर तो बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. आजच मोबाइलवर *#०६# दाबून तो वहीत उतरवून ठेवा. मोबाइल गेल्यावर तो कुठे शोधणार?

जे विम्यात नाहीच

आपल्या पावसाळ्याचा लेन्सशी उभा दावा आहे. चार महिने कपाटात पडलेल्या लेन्सवर बुरशी धरते. कुठलीही साधी पॉलिसी तिचे पैसे देत नाही, कारण ती हळूहळू झालेली खराबी आहे, अपघात नव्हे. त्यावर इलाज म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि अधूनमधून कॅमेऱ्याला दाखवलेला उजेड. खर्च काही शे रुपये.

काढलेले फोटोही विम्यात नसतात. कॅमेऱ्याची किंमत मिळेल, पण नवरीच्या सप्तपदीचे चित्र कुणी आणून देणार नाही. दोन मेमरी कार्ड वापरणे आणि त्याच रात्री दुसरीकडे प्रत काढून ठेवणे, हा त्याचा विमा. ग्राहकाशी होणाऱ्या भांडणापासूनही तोच वाचवतो.

दावा नाकारला तर

नकार लेखी मागावा, कारणासह आणि पॉलिसीतल्या कलमासह. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर बंगळूरच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि एकट्याच्या नावाने चालणाऱ्या छोट्या धंद्याची तक्रारही चालते. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो.

तेव्हा भगिनींनो, चिरंजीवांना या रविवारी तासभर घरी बसवा. एका वहीत प्रत्येक वस्तूचे नाव, सीरियल क्रमांक, खरेदीची तारीख आणि किंमत लिहायला सांगा. बिलांचे फोटो काढून ते दुसऱ्याच्या मोबाइलवरही ठेवा. सामान जुन्या बाजारातून घेतले असेल तर विकणाऱ्याकडून मूळ बिल आणि सहीची पावती मिळवा, कारण सर्व्हेअरचा पहिला प्रश्न "बिल ऐतेन्री?" हाच असतो. मग सोमवारी विमा कार्यालयात जा आणि सरळ सांगा, "मुलगा पैसे घेऊन लग्ने करतो. सामान तीन राज्यांत फिरते. साध्या चोरीसह आणि पडझडीसह विमा हवा." एवढी तीन वाक्ये खरी सांगितलीत आणि तीच कागदावर उतरवून घेतलीत, तर रात्रीची झोप परत यायला हरकत नाही.